गादी सरकली नव्हती

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानाचे दिवाणजी माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या पिशवीत एमआरआयची फिल्म होती आणि तोंडात तयार निदान. "मॅडम, गादी सरकलीय. चार-पाचमधली." वय छप्पन, अंगात लेंगा-शर्ट, डोक्यावर पांढरी टोपी. मणक्यातल्या चकतीला आपल्याकडे गादीच म्हणतात आणि ह्या माणसाचं तर अख्खं आयुष्य गादीवर गेलेलं. पांढरी खोळ, मागे लोड, पुढे उतरतं मेज आणि मांडी घालून दिवसाचे दहा तास हिशेब. त्या दोन गाद्यांची मला तेव्हा गंमत वाटली. पुढचे पाच आठवडे मात्र मी चुकीच्या गादीवर काम करत होते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हे प्रकरण लिहायला घेतलं ते माझ्या हुशारीचा दाखला म्हणून नव्हे. निदानाचा धागा सापडला तो त्यांच्या बायकोच्या एका वाक्यामुळे. माणूस ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत.

दुखणं अडीच वर्षांचं होतं. सुरुवात इतकी हलकी होती की नेमकी कधी झाली ते त्यांना सांगता येईना. उजव्या कुल्ल्याखाली काहीतरी आल्यासारखं वाटायचं. "गादीखाली हळकुंड राहिल्यागत," हे त्यांचे शब्द. त्यांनी दोनदा खोळ काढून झटकून घेतली होती, दुकानातल्या पोराला बोलही लावले होते. हळकुंड सापडलं नाही. काही महिन्यांनी मांडीच्या मागून पोटरीपर्यंत कळ जायला लागली. मग पावलाला मुंग्या. हळदीचे सौदे जोरात असतात त्या दिवसांत, म्हणजे फेब्रुवारीपासून पुढे, त्रास वाढायचा. पावसाळ्यात थोडा उतरायचा. त्यावरून घरच्यांनी 'उष्णतेचं दुखणं' असा निष्कर्ष काढला होता. खरं कारण साधं होतं. हंगामात बसणं जास्त.

वाटेत उपाय बरेच झाले. एका ठिकाणी नस बसवून घेतली, एका ठिकाणी 'गृध्रसी' (सायटिकाचं आयुर्वेदातलं नाव) म्हणून तेल आणि काढे. कळ फार आली की घराजवळच्या दवाखान्यात इंजेक्शन, तेही सवयीने उजव्या कुल्ल्यातच. इंजेक्शनची गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे आडवी येते.

शेवटी एमआरआय झाला. अहवालात चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती फुगलेली, उजवीकडे जरा जास्त, नसेच्या मुळाला टेकलेली. पाय दुखणारा उजवा, फुगवटा उजवीकडे. हिशेब जुळला. दिवाणजींचाच नव्हे, त्यांना तपासणाऱ्या सगळ्यांचाच.

इथे थोडं थांबून एक आकडा सांगते. १९९४ साली अमेरिकेत ९८ माणसांचे कमरेचे एमआरआय काढले गेले. ह्यातल्या कोणाचीही कंबर दुखत नव्हती. तरी ५२ टक्के लोकांची कुठली ना कुठली चकती फुगलेली निघाली आणि सगळ्याच्या सगळ्या चकत्या ठीक असलेले फक्त ३६ टक्के भरले. पन्नाशीनंतरच्या माणसाच्या फिल्मवर फुगवटा दिसणं हे केस पिकण्यासारखं आहे. तो दुखण्याचं कारण असू शकतो, नुसता तिथे बसलेलाही असू शकतो. कोणता कुठला, हे फिल्म सांगत नाही, तपासणी सांगते. हे मला शिकवलेलं होतं. मी विद्यार्थ्यांना सांगितलेलंही होतं.

आणखी एक गोष्ट, रुग्णांनी तर माहीत करून घ्यावीच. कमरेच्या एमआरआयमध्ये कुल्ला येत नाही. आडवे छेद घेतात ते चकत्यांच्या पातळीवर, मणक्याच्या आसपास. सायटिक नस कमरेतून बाहेर पडून माकडहाडाच्या बाजूच्या खाचेतून कुल्ल्यात उतरते तिथून पुढचा सगळा रस्ता त्या फिल्मच्या चौकटीबाहेर असतो. म्हणजे 'एमआरआयमध्ये बाकी काही नाही' ह्याचा अर्थ 'बघितलं तिथे बाकी काही नाही' एवढाच.

पाच आठवडे मी काय केलं? शेक, आयएफटी म्हणजे सौम्य विजेच्या प्रवाहाचा उपचार, ट्रॅक्शन म्हणजे कमरेला यंत्राने ताण, पालथं झोपून कंबर मागे वळवण्याचे व्यायाम. फरक शून्य. मग मी माझा तर्क बदलला, पण अर्धाच. कुल्ल्यातला पिरिफॉर्मिस नावाचा स्नायू आखडून त्याखालून जाणारी नस दबते, हे आमच्या धंद्यातलं आवडतं निदान. उताणं झोपवून, गुडघा छातीकडे घेऊन आत वळवायचा आणि तो स्नायू ताणायचा. दिवाणजी ओठ आवळून सहन करायचे. ताणल्यावर कळ थेट अंगठ्यापर्यंत जायची. मी कोपराने कुल्ल्यात खोल दाब दिला तेव्हाही तसंच. मी कागदावर लिहिलं, 'पिरिफॉर्मिस: अतिशय कडक.' कडक होतंच तिथे काहीतरी. मी ते लेंग्यावरून दाबत होते.

हातात पुरावे नव्हते असं नाही. आता कागद पुन्हा उघडले की ते एकेक करून दिसतात. पहिल्या दिवशी मीच लिहिलेलं आहे, 'खोकल्या-शिंकेने वाढत नाही. वाकल्याने वाढत नाही. कंबर दुखत नाही.' उताणं झोपवून सरळ पाय उचलला तर सत्तर अंशांपर्यंत विनातक्रार. चालताना बरं, उभं राहिल्यावर बरं, बसलं की दहा मिनिटांत सुरू. त्यातही दुकानातल्या मऊ गादीवर उशिरा, एसटीच्या बाकावर लगेच. उजव्या कुशीवर झोपता येत नाही. चकतीचं दुखणंही बसल्याने वाढतं, त्यामुळे बसण्याचा मुद्दा मी त्या खात्यावर टाकला. बाकीच्या नोंदी कुठल्याच खात्यावर टाकल्या नाहीत.

आणि चप्पल. उजव्या पायातली कोल्हापुरी चालता चालता निसटून मागे राहायची आणि चार पावलं गेल्यावर कळायचं. त्यांनी हे हसत सांगितलं होतं. मी पण हसले होते. पायाची बोटं वर उचलणारे स्नायू कमजोर झाले आणि तळव्याची जाणीव मंदावली की चप्पल अशीच निसटते. मधुमेह असलेल्यांकडून हे नेहमी ऐकायला मिळतं. ह्यांची साखर नॉर्मल होती, एवढ्यावर मी विषय सोडला.

सहाव्या आठवड्यात काकू सोबत आल्या. एरवी मुलगा सोडून जायचा. काका आत टेबलावर झोपत होते आणि काकू बाहेरच्या स्टुलावरून म्हणाल्या, "मॅडम, ह्यांची ही बाजू जरा सुजल्यागत दिसती. इंजेक्शनांनी असंल का?"

मी विचारलं, "कधीपासून?"

"झालं की वर्ष. तेल लावताना हाताला लागतं. मी म्हटलं ह्यांना, डॉक्टरला दाखवा. तर म्हणतात, इंजेक्शनची गाठ हाय, जिरंल."

अडीच वर्षांत चार-पाच जाणकारांनी ह्या माणसाला तपासलं होतं आणि कुल्ला पाहिला होता तो फक्त इंजेक्शन देणाऱ्याने. तोही वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातला, लेंगा चार बोटं खाली सरकवून. माझ्या वयाची त्यांना सून आहे. त्यांनी लेंगा उतरवायला संकोच केला असता हे मी न विचारताच गृहीत धरलं आणि खरं सांगायचं तर संकोच माझाही होता. कमरेचा डॉक्टर कंबर बघतो, खुब्याचा डॉक्टर खुबा बघतो आणि मधला भाग लाजेच्या ताब्यात राहतो. बाईमाणसाच्या बाबतीत तर आणखीच.

त्या दिवशी मुलाला फोन करून बोलावलं, काकूंना आत घेतलं, पडदा ओढला आणि काकांना म्हटलं, "काका, आज कमरेखाली पूर्ण बघायचंय." ते म्हणाले, "बघा की. मी कुठं नको म्हणतोय." हे वाक्य मला बराच काळ पुरलं.

उभं करून मागून पाहिलं. कुल्ला आणि मांडी मिळतात तिथली घडी उजवीकडे दोन बोटं खाली आणि उथळ. पालथं झोपवल्यावर उजवी बाजू स्पष्ट भरलेली. कातडी साधी, लाली नाही, गरम नाही. हात ठेवला तर खोलवर मऊसर, रबरासारखी, कडा नीट न सापडणारी भर, साधारण तळहाताएवढी. काकांना म्हटलं, कुल्ला आवळा. आवळल्यावर ती भर हाताखालून जवळजवळ नाहीशी झाली, सोडल्यावर परत आली. कातडीखालची चरबीची गाठ स्नायू आवळल्यावर उलट जास्त उठून दिसते. ही नाहीशी झाली म्हणजे ती स्नायूच्या खाली होती. मग भरीच्या आतल्या कडेला बोटाने टकटक केली. "आली, अंगठ्यात आली," काका म्हणाले.

इंजेक्शनची गाठ बहुधा वरच्या बाहेरच्या भागात असते, कातडीखाली किंवा स्नायूच्या वरच्या थरात, आणि कठीण लागते. ही खाली होती, आत होती आणि वाढत होती.

मग पहिल्या दिवशी करायला हवी होती ती तपासणी सहाव्या आठवड्यात केली. उजव्या पायाचा अंगठा वर उचलण्याचा जोर स्पष्ट कमी. टाचेमागे हातोडीने ठोकल्यावर येणारा घोट्याचा झटका डावीकडे चांगला, उजवीकडे मंद. पण एका कुशीवर झोपवून वरचा पाय बाजूला उचलायला सांगितला तर दोन्ही बाजूंना सारखा जोर. ह्या शेवटच्या गोष्टीला फार किंमत आहे. पाय बाजूला उचलणाऱ्या स्नायूला आणि अंगठा उचलणाऱ्या स्नायूला मुख्य पुरवठा पाचव्या मुळाचाच. पण पहिल्याची नस पिरिफॉर्मिसच्या वरून वेगळी फुटून जाते. मूळच कमरेत दबलं असतं तर दोन्ही स्नायू ढिले पडले असते. इथे एक शाबूत, दुसरा ढिला. शिवाय घोट्याचा झटका हा त्याच्या खालच्या मुळाचा कारभार. एका चकतीने एवढं सगळं एकदम होणं अवघड. म्हणजे दाब फाट्याच्या पुढे, जिथे सगळी मुळं एकत्र येऊन सायटिक नस झालेली असते तिथे.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा भाग समजवायला सोपा जातो. वरून नुसती जमीन. माणसं चालतात, पोरं खेळतात. खाली पोतीच्या पोती हळद. २००५च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली, पण जुन्या व्यापाऱ्यांना अजून जागा दाखवता येतात. कुल्ल्याचंही तसंच. ग्लुटिअस मॅक्सिमस हा शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू वर अंथरलेला, त्यावर चरबीचा थर आणि खाली सैल मोकळी जागा. त्या जागेतून सायटिक नस जाते, शरीरातली सगळ्यात जाड नस, सुरुवातीला जवळजवळ दोन सेंटिमीटर रुंद. तिथे एखादी गाठ सावकाश वाढत राहिली तर तिला पसरायला भरपूर वाव असतो. मनगटावर लिंबाएवढी गाठ आली तर पोरसुद्धा दाखवेल. इथे मोसंबीएवढी झाली तरी माणूस म्हणतो, जरा जाड झालोय. नसेलाही सवय होते. एकदम दाब आला तर ती बोंबलते, वर्षानुवर्षं हळूहळू आला तर सरकते, चपटी होते, सोसते. बसल्यावर मात्र खुबा दुमडतो, नस ताणली जाते आणि वरून अंगाचा भार. तेव्हा तिला सरकायला जागा उरत नाही.

त्याच दिवशी मी त्यांना मिरजेतल्या एका अस्थिरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी देऊन पाठवलं. चिठ्ठीत निदान लिहिलं नाही, फक्त 'स्नायूखाली, पाच सेंटिमीटरहून मोठी, वाढणारी, दुखणारी' हे चार शब्दप्रयोग अधोरेखित केले. मऊ ऊतींच्या गाठीत ह्या चारांपैकी एक जरी असेल तरी सुरी लावण्याआधी नीट तपास हवा. डॉक्टरांनी त्यांना लगेच सोनोग्राफी आणि ओटीपोट-मांडीचा वेगळा एमआरआय सांगितला. नसेची चाचणीही झाली. तिच्यात एक निष्कर्ष मोलाचा होता. पायाच्या संवेदना नेणाऱ्या नसांचा प्रतिसाद उजवीकडे घटलेला. कमरेत मूळ दबलं तर हा प्रतिसाद सहसा शाबूत राहतो, कारण संवेदनेच्या पेशींची गाठोडी दाबाच्या पुढे असतात आणि तिथून खालची तार जिवंत राहते. प्रतिसाद घटला म्हणजे बिघाड त्या गाठोड्यांच्या पुढे, पायाच्या बाजूला. माझ्या हाताने जे सांगितलं तेच यंत्राने सांगितलं.

एमआरआयमध्ये बारा बाय आठ बाय पाच सेंटिमीटरची गाठ दिसली. ग्लुटिअस मॅक्सिमसच्या खाली, वरचं टोक जिभेसारखं निमुळतं होऊन नस बाहेर पडते त्या खाचेपर्यंत पोचलेलं, पण ओटीपोटात शिरलेलं नाही. सायटिक नस पुढे आणि आत ढकललेली, फितीसारखी चपटी. गाठीचा रंग एका प्रकारच्या चित्रात कातडीखालच्या चरबीसारखाच पांढरा, चरबी दाबून काढलेल्या चित्रात चरबीबरोबरच काळा. म्हणजे आत चरबीच. मध्ये दोन-तीन पातळ पडदे, दोन मिलिमीटरपेक्षा कमी जाडीचे. आत वेगळा गोळा कुठे नाही.

'चरबीची गाठ' म्हटल्यावर मुलाने सुस्कारा सोडला. डॉक्टरांनी सोडला नाही. कातडीखालच्या लायपोमाला कोणी फारसं घाबरत नाही आणि घाबरूही नये. पण खोलवरची, दहा सेंटिमीटरच्या पुढची चरबीची गाठ असेल तर तिची एक चुलत बहीण असते, दिसायला जवळजवळ तशीच, काढल्यावर पुन्हा उगवणारी. क्वचित तिचं पुढे खऱ्या सार्कोमात, म्हणजे मऊ ऊतींच्या कर्करोगात, रूपांतर होतं. जाड पडदे आणि आतले गोळे हे त्या बहिणीचे गुण. इथे ते नव्हते, पण आकाराने शंका ठेवली होती.

बाकीच्या शक्यता एमआरआयने मागे पडल्या, तरी आपल्या भागात त्या मनात असाव्यात. नसेच्या वेष्टणातून वाढणारी श्वानोमा ही गाठ नसेच्या रेषेतच लांबट सापडते, टकटक केली की अशाच मुंग्या येतात. तिच्यात सुई घालणं म्हणजे रुग्णाला विजेचा झटका, म्हणून चित्र आधी, सुई नंतर. क्षयाचा थंड गळू मणक्यातून किंवा माकडहाडाच्या सांध्यातून त्याच खाचेतून कुल्ल्यात उतरू शकतो. तो गरम लागत नाही, लाल होत नाही, म्हणून फसवतो. धडधडणारी भर लागली तर ती फुगलेली रोहिणी असू शकते आणि तिथे सुई घालणारा हात त्या दिवशी देवाच्या भरवशावर असतो. बायकांमध्ये पाळीच्या दिवसांतच सायटिका उठत असेल तर एंडोमेट्रिऑसिसचा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर भलतीकडे वाढण्याच्या आजाराचा, विचार करावा. हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

सुईने गाठीचा तुकडा काढून तपासायचं ठरलं आणि घरात तोफ फुटली. "गाठीला सुई लावली की पसरतंय." हे वाक्य सांगली-साताऱ्याकडे प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतंच. गावाकडून थोरले भाऊ आले, कोणाच्या तरी मेहुण्याचं उदाहरण आलं. सुई लावली आणि सहा महिन्यांत गेला. मी ह्या भीतीला हसत नाही. सुई लावली तेव्हा आजार आधीच पसरलेला होता आणि सुईने फक्त नाव सांगितलं, हे त्या घरातल्या माणसाला कोणी नीट सांगितलेलं नसतं. मागे उरतो तो घटनांचा क्रम, आधी सुई, मग मरण. सुईच्या वाटेने पेशी रुजणं अगदी विरळ आहे आणि त्यासाठीही काळजी घेतात. सुई नंतरच्या छेदाच्या रेषेतूनच घालायची, म्हणजे ती वाट शस्त्रक्रियेत गाठीबरोबरच काढून टाकता येते.

डॉक्टरांनी भावाला हे कागदावर काढून दाखवलं. आणि उलट प्रश्न विचारला, "न बघता कापली आणि आत दुसरंच निघालं तर? मग सगळा कुल्ला उघडावा लागेल. चालेल?" भाऊ पाच मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "लावा सुई."

सोनोग्राफीखाली, नस टाळून, तुकडे घेतले. प्रौढ चरबीच्या पेशी, संशयास्पद काही नाही. त्या 'बहिणी'त एमडीएम-२ नावाच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात. ती चाचणी बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवली, तीही नकारात्मक आली. तरी एवढ्या मोठ्या गाठीचे दोन-चार तुकडे म्हणजे पोत्यात बंबू, माल तपासायची पोकळ सळई, खुपसून काढलेला नमुना. दिवाणजींना ही उपमा मीच दिली आणि त्यांनी लगेच मान डोलावली. पोतं उघडल्यावरच खरा माल कळतो. म्हणून काढलेली अख्खी गाठ पुन्हा तपासायची, हे आधीच ठरलं.

शस्त्रक्रियेचं मी ऐकीव सांगते, सर्जननी नंतर सविस्तर सांगितलेलं. पालथं झोपवून पूर्ण भूल. स्नायू लुळे पाडणारं औषध पुढे चालू ठेवलं नाही, कारण नसेजवळ पोचल्यावर बारीक वीज देऊन पाऊल हलतं का हे पाहायचं होतं. त्यांनी गाठीकडे आधी हात नेलाच नाही. खाली, जिथे सगळं निरोगी आहे तिथे नस शोधली, तिच्याभोवती मऊ पट्टी घातली आणि तिला धरून वर वर गेले. गाठ आधी उचलली आणि नस नंतर शोधली तर चपटी झालेली नस पडदा समजून कापली जाऊ शकते. कवच न फोडता गाठ एकसंध निघाली. मोकळ्या झालेल्या पोकळीत पाणी साठू नये म्हणून नळी ठेवली. दीडेक तासाचं काम.

शुद्धीवर आल्यावर काकांनी पहिला प्रश्न पायाचा विचारला नाही. "किती भरली?"

सर्जननी सांगितलं, दोनशे तीस ग्रॅम.

"म्हणजे पाव किलोला वीस ग्रॅम कमी," काका म्हणाले आणि परत झोपले.

पायाची कळ दुसऱ्या दिवशीच गेली होती. मुंग्या राहिल्या. नळी चौथ्या दिवशी काढली, नंतर थोडं पाणी साठलं, एकदा सुईने काढावं लागलं, मग थांबलं. संपूर्ण गाठीचा अहवाल आला तो साध्या लायपोमाचाच.

त्यानंतर ते पुन्हा माझ्याकडे आले. पहिले दोन आठवडे बसायला बंदी. दिवाणजीला बसू नका म्हणणं म्हणजे भटजीला बोलू नका म्हणण्यासारखं. दुकानात त्यांनी एका उंच मेजावर वही ठेवून उभ्याने हिशेब केले, शेठनी फोटो काढून व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. मी त्यांना नसेचे हलके सरकवण्याचे व्यायाम दिले, अंगठा आणि घोट्याचे जोराचे व्यायाम दिले. कोपराने दाबणं नाही आणि ताणणं तर अजिबात नाही.

अंगठ्याचा जोर चौथ्या महिन्यात जवळजवळ भरून आला. ही चांगली खूण होती. नसेच्या तारा तुटलेल्या असतात तेव्हा त्या दिवसाला साधारण एक मिलिमीटरने परत वाढतात. कुल्ल्यापासून पावलापर्यंतचं अंतर त्या चालीने कापायला दोन-अडीच वर्षं लागली असती. चार महिन्यांत जोर आला, त्या अर्थी बहुतेक तारा दबलेल्या होत्या, तुटलेल्या नव्हत्या. पावलाच्या वरच्या बाजूला दोन रुपयांच्या नाण्याएवढा बधिर ठिपका मात्र राहिला आहे. तिथल्या तारा गेल्या असाव्यात. आणखी वर्षभर उशीर झाला असता तर तो केवढा झाला असता ह्याचा हिशेब मी करत नाही, पण वर्षभर आधी हात लावला असता तर, हा हिशेब कधीकधी होतो. त्यातले माझ्या नावावरचे पाच आठवडे मला पाठ आहेत.

कमरेतली चकती अजून फुगलेलीच आहे. तिला कोणी हात लावला नाही आणि तिची तक्रारही नाही.

माझ्या खोलीत आता पडद्यामागे सुती लुंग्यांची एक चळत असते. पाय दुखतो म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला, बाई असो वा बुवा, पहिल्याच दिवशी सांगते की कमरेपासून टाचेपर्यंत बघणार आहे. सोबत घरचं माणूस हवं असेल तर आत घ्या. अजूनपर्यंत कोणीही नाही म्हटलेलं नाही. बहुतेकांना तर 'आधीच्यांनी का बघितलं नाही?' असा प्रश्न पडतो आणि त्याचं उत्तर मी टाळते.

वर्षाने केलेला एमआरआय स्वच्छ निघाला. काका आता कोल्हापुरीऐवजी मागे पट्टा असलेली सँडल घालतात. चप्पल निसटायची थांबली आहे, पण विश्वास नाही म्हणतात. मागच्या महिन्यात दुकानावरून जाताना मी आत डोकावले. गादीवर बसले होते, मांडी घालून, सगळा भार डाव्या कुल्ल्यावर, खांदा डावीकडे झुकलेला. अडीच वर्षांची सवय. मी दारातूनच ओरडले, "काका, सरळ!" ते सरळ झाले. मी रस्ता ओलांडून मागे वळून पाहिलं तर पुन्हा डावीकडे.